बटमोगऱ्याला बी धरतं का?

डबल फुलांविषयी माझ्या मनात एक अढी होती. ती अढी आहे हेच मला साठी उलटेपर्यंत कळलं नव्हतं, कारण मी तिला ज्ञान समजत होते.

सोलापुरात एका शाळेत मी विज्ञान शिकवायची. फुलाचे भाग शिकवायचे असले की जास्वंद आणायला सांगायची, आणि एकेरीच आणा असं बजावायची. तरी एखादी मुलगी घरची डबल जास्वंद घेऊन यायचीच. तिला तीच सुंदर वाटलेली असायची. मी ते फूल हातात घेऊन वर्गाला दाखवायची आणि म्हणायची, “हे शिकायला उपयोगाचं नाही. यातल्या पुंकेसरांच्या पाकळ्या झाल्यात. दिसायला भरगच्च, पण फुलाचं जे काम, ते याच्याकडून होत नाही.” मुलगी फूल परत घेऊन खाली बसायची. सांगितलेलं शास्त्र फारसं चूक नव्हतं. पण माझा आवाज शास्त्राचा नव्हता. त्यात तिरस्कार होता आणि मुलांना तो ऐकू जात असणार.

फुलाचं काम म्हणजे बी धरणं, एवढी सोपी व्याख्या मी आयुष्यभर बाळगली. जे बी धरतं ते खरं, बाकीची माणसानं हौसेपायी केलेली बिघडवणूक. माझं आदर्श फूल होतं मोरवेलीचं. कुणी तिला रानजाई म्हणतात. पावसाळा सरता सरता सह्याद्रीत झुडपांच्या माथ्यावर ही वेल पांढऱ्या फुलांनी भरून जाते. आमच्या सोलापूरच्या काळ्या रानात ती दिसत नाही, म्हणून सहल सिंहगड-पुरंदरकडे गेली की मी मुलांना मुद्दाम तिच्यापाशी थांबवायची. तिला पाकळ्या नसतातच. पांढरी दिसतात ती निदलं. मध्ये पुंकेसरांचा मोकळा झुबका, कुणाही कीटकाला सहज बसता येईल असा. फूल झडलं की प्रत्येक बीला पिसासारखी लांब शेपटी फुटते आणि वाऱ्यावर ते बी निघून जातं. चार निदलं, भरपूर पराग, उडणारं बी, झालं काम. असं फूल मला प्रामाणिक वाटायचं.

मोरवेल ज्या प्रजातीतली, तिचं शास्त्रीय नाव क्लेमॅटिस. जगभरात तिच्या सुमारे तीनशे जाती आहेत, आणि बागांसाठी संकर करून तयार केलेले वाण तर मोजता येणार नाहीत इतके. त्यातल्या एका डबल फुलाच्या वाणापाशी माझी गाठ पडायची होती, ती इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला, लेकीच्या घरामागच्या कुंपणावर.

तिथे पोचण्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. ती वगळून हे सगळं लिहिता येईल, पण मग ते फुलांवरचं टिपण होईल. लेकीनं आणि जावयानं मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. अडचण काही नव्हती, तो त्यांचा निर्णय होता. तिनं मला फोनवर नीट, शांतपणे सांगितलं. मीही शांतपणे म्हणाले, “तुमचं आयुष्य आहे, तुम्ही ठरवा.” शिकलेली बाई असंच म्हणते. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ पोळपाटापाशी नुसती उभी राहिले. त्यानंतर तो विषय मी कधी काढला नाही. न काढणं हाच समजूतदारपणा, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

एप्रिलमध्ये शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दोन चादरी घेऊन मी तिच्याकडे गेले. सोलापुरात तेव्हा पारा चाळिशीपार गेलेला, आणि तिथे मी दोन स्वेटर घालून खिडकीत बसलेली. कुंपणावर एक वाळकी, काटकुळी वेल होती. मी ती मेलेली समजले. मे महिन्यात तिला फुलं आली. तळव्याएवढं एकेक फूल, जांभळट निळसर, पाकळ्यांवर पाकळ्या रचलेल्या. सगळं कुंपण झाकून गेलं. लेक मला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेली. वेलीचं नाव तिनं सांगितलं, ‘व्हिव्हियन पेनेल’. तिथून जवळच्याच लिंकन गावातल्या पेनेल यांच्या रोपवाटिकेचा वाण, १९५९ सालचा. “आई, ही मी लावली. शेजारच्या आजींनी फांदी दिली होती.”

मी फूल बोटांनी उघडून पाहिलं, खरं म्हणजे पाहिल्यासारखं केलं, आणि वर्गातल्या आवाजात बोलायला लागले. “मोरवेलीची बहीण आहे ही, पण हिचं काय करून ठेवलंय बघ. पुंकेसरांच्या पाकळ्या करून टाकल्या. अशा फुलाला बी धरत नाही. बाहेरून भरलेलं आणि आतून रिकामं.”

ती काही बोलली नाही. तिच्या हातातली कात्री तिनं मिटली आणि आत गेली.

संध्याकाळी ती भाजी चिरत होती, मी कणीक मळत होते. मान वर न करता तिनं विचारलं, “आई, आपल्या बटमोगऱ्याला कधी बी धरलेलं पाहिलंस तू?”

या प्रश्नावर मला थोडं थांबायचं आहे, कारण पुढं जे काही बदललं ते इथून.

आमच्या परसात न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेला बटमोगरा आहे. सासूबाईंनी लावलेला. त्याची मूळ फांदी त्यांनी माहेराहून, अक्कलकोटहून आणली होती. गोल, घट्ट, बटणासारख्या कळ्या, उमलल्या की पाकळ्यांचे थरच्या थर. अगदी डबल फूल. दर चैत्र-वैशाखात त्याचे गजरे मी माळले, सिद्धरामेश्वराला वाहिले, वर्गात टेबलावर वाटीत ठेवून त्याच वर्गात डबल जास्वंदीला नावं ठेवली. इतकी वर्षं त्या झाडाखाली वाकून कळ्या खुडल्या आणि त्याला फळ धरत नाही, ही गोष्ट एकदाही माझ्या मनात आली नाही. पाहिलं होतं, पण प्रश्न म्हणून कधी पाहिलं नव्हतं. बटमोगऱ्याकडे मी बी मागितलंच नाही. मग इंग्लंडमधल्या एका वेलीकडे का मागत होते?

तिला उत्तर काय द्यावं ते मला सुचेना. “मोगऱ्याचं वेगळं असतं,” असं काहीतरी पुटपुटले. वेगळं काही नव्हतं. मोगरा माझा होता, आणि त्याच्याशी माझं काही भांडण नव्हतं, एवढंच.

रात्री झोप लागली नाही. मग माझं माहेर आठवलं. माझं माहेर सांगोल्याचं, डाळिंबाच्या मुलखातलं. सोलापुरी डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भावानं गावात पेढे वाटले होते. त्या सगळ्या बागा कशा उभ्या राहिल्या? बियांवर नाही. डाळिंबाचं बी पेरलं तर उगवतं, पण ते मूळ झाडासारखंच निघेल याचा भरवसा नाही. म्हणून गुटी कलम. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात पारदर्शक प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. मग फांदी खालून कापून पिशवीत लावायची. डॉ. चीमांनी १९३६ साली पुण्याला निवडलेला ‘गणेश’ असाच फांदी-फांदीनं गावोगाव गेला, आणि त्याच्यामागून आलेला ‘भगवा’ही तसाच. लहानपणी गुट्या बांधणाऱ्या बायकांच्या हाताखाली मी शेवाळ पिळून द्यायची. हे सगळं मला ठाऊक होतं. बीशिवाय पुढे जाण्याचा रस्ता आमच्या घरातूनच जात होता, आमचं पोट त्याच्यावर भरत होतं. आणि मी मात्र मुलांना सांगत होते की बी नाही तर काही नाही.

सकाळी लेकीचं भिंग मागून घेतलं आणि वेलीपाशी गेले. एक फूल तोडून, पाकळ्या एकेक करून बाजूला केल्या. मध्यभागी पिवळसर परागकोश होते. थोडे होते, पण होते. म्हणजे ‘आतून रिकामं’ हे माझं वाक्य या फुलापुरतं सरळ खोटं होतं. काही डबल वाणांत पुंकेसर पूर्ण नाहीसे होतात, काहींत मधे थोडे राहतात. एवढा साधा फरक न बघता मी निकाल दिला होता. आयुष्यभर मुलांना ‘आधी निरीक्षण, मग अनुमान’ असं फळ्यावर लिहून देणारी बाई मी. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली, आणि ती केवळ फुलापुरती नव्हती.

जर्मन कवी गटे यानं १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावर एक पुस्तिका लिहिली. तिच्यात त्यानं डबल फुलांचा दाखला दिला आहे. पुंकेसर पाकळी होऊ शकतो, याचा अर्थ दोन्ही मुळात एकाच अवयवाची रूपं. दोनशे वर्षांनी, १९९१ मध्ये, कोएन आणि मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी जनुकांच्या आधारे तेच मांडलं. एक विशिष्ट काम करणारं जनुक बंद पडलं की पुंकेसराच्या जागी पाकळी येते. मी हे वाचलेलं होतं. गटेला त्यात फुलाची घडण दिसली आणि मला बिघाड दिसला. वाचलेलं तेच, पाहणारे डोळे वेगळे.

त्यानंतर मी शेजारच्या आजींशी बोलू लागले. माझं इंग्रजी पुस्तकी, त्यांचं तिथल्या बोलीतलं, पण हातातली फांदी दोघींना समजत होती. क्लेमॅटिसचं छाट कलम करताना त्या दोन पेरांच्या मधोमध कापत. मी चकित झाले. गुलाब असो की मोगरा, आपण डोळ्याच्या अगदी खाली कापतो, कारण मुळं तिथून फुटतात. ही वेल मधल्या कांड्यातूनही मुळं धरते. वर पानांची एकच जोडी ठेवायची, त्यातलंही एक पान काढायचं, आणि कांडं रेताड मातीत खोचायचं. पण आजींचा विश्वास दाबकलमावर जास्त. गेल्या वर्षीची एक लांब फांदी वाकवायची, पेरापाशी सालीला हलका छेद द्यायचा, तो भाग जमिनीत पुरलेल्या कुंडीतल्या मातीत तारेच्या आकड्यानं दाबून ठेवायचा. ओल जाऊ द्यायची नाही. जवळजवळ वर्षभर थांबायचं. आपल्याकडे मोगऱ्याचं हेच काम पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत होतं. फांदी दाबायची पद्धत हुबेहूब सासूबाईंची. फक्त त्या आकड्याऐवजी दगड ठेवायच्या.

लेकीची वेल त्यांच्या दाबकलमातली, त्यांची कुणा मैत्रिणीकडची. असं मागे मागे गेलं की १९५९ च्या त्या लिंकनच्या रोपवाटिकेत पोचतो, आणि त्याच्याही मागे गेलं तर एकोणिसाव्या शतकात चीन-जपानमधून युरोपात नेलेल्या वेलींपाशी. बी पेरून हा वाण तसाच्या तसा मिळत नाही. म्हणजे मधल्या सगळ्या काळात प्रत्येक वेळी कुणीतरी फांदी वाकवली, माती ओली ठेवली, वाट पाहिली आणि तयार झालेलं रोप दुसऱ्याच्या हातात दिलं. एका पिढीनं कंटाळा केला असता तर वेल संपली असती. मी याला माणसाची हौस म्हणून हिणवत होते. आता मला त्यात जबाबदारी दिसते.

पण मन असं एका दमात सुधारत नाही, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

मेमधला बहर जूनअखेर संपला होता. ऑगस्टच्या शेवटी वेलीवर पुन्हा कळ्या आल्या आणि उमलल्या त्या एकेरी. त्याच वेलीवर, त्याच मुळांवर. रुंद निळसर निदलांचा एकच फेर, मध्ये उघडा झुबका, त्यावर एक केसाळ भुंगा लोळत होता. मी आजींना हाक मारली. त्या म्हणाल्या, हे दरवर्षीचंच आहे. या वाणाला गेल्या वर्षीच्या जून फांदीवर डबल फुलं येतात आणि यंदाच्या नव्या फुटीवर एकेरी. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी हलकी करायची. जून फांद्या कापल्या की मे महिन्यातला डबल बहर गेला.

खरं फूल आणि बिघडलेलं फूल अशी जी रेघ मी आयुष्यभर ओढत आले, ती या वेलीला माहीतच नव्हती. एवढं शहाणपण मला तिथेच यायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते दुसरंच. आशा आली. मला वाटलं, बघ, जी वेल बी धरणार नाही असं वाटलं, तिलाच पुढे साधी, बी धरणारी फुलं आली. काळ जाऊ दे. लेकीचंही मन बदलेल.

हे लिहिताना हात अडखळतो. तिचा निर्णय पूर्ण विचारानं घेतलेला, आणि मी कुंपणावरच्या फुलात शकुन शोधत होते. पंचांग बघणाऱ्या बायकांना मी विज्ञानाच्या नावानं उपदेश केला होता. शकुनापेक्षाही वाईट हे की लेकीकडे बघताना मला लेक दिसतच नव्हती. तिचं काम, तिचं घर, दर रविवारी ती वृद्धाश्रमात वाचून दाखवायला जायची ते, जावयाशी तिचं असलेलं ते मोकळं हसणं, यातलं काहीही मी माझ्या हिशेबात धरलं नव्हतं. तिच्याकडे मी फक्त पुढच्या पिढीचं दार म्हणून पाहत होते. मे महिन्यात ‘आतून रिकामं’ हे शब्द मी कुणाला उद्देशून बोलले होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. फुलाला नाहीच.

दोन दिवस मी ते मनात ठेवलं. मग रात्री भांडी आवरताना तिला सांगितलं. सगळं सांगितलं, मेमधलं वाक्य, ऑगस्टमधली आशा. माझा आवाज कापत होता.

“मेमध्येच कळलं होतं मला,” ती म्हणाली. ताट पुसून झालं, ते रॅकमध्ये ठेवलं, दुसरं घेतलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, “फोनवर रडली असतीस तर बरं झालं असतं. मला नीट बोलता आलं असतं.”

सप्टेंबरात परत निघताना तिनं वेलीची कलमं देऊ केली. मी नाही म्हटलं. परवाना आणि तपासणीच्या दाखल्याशिवाय परदेशी रोप आणता येत नाही, आणि येऊही नये, त्याबरोबर रोग येतात. शिवाय या वेलींना थंडीची खरी विश्रांती लागते, मुळांशी गारवा लागतो. सोलापूरचा एप्रिल-मे त्यांना सोसणारा नाही. ती वेल तिथलीच, आणि तिथेच चांगली आहे.

घरी आल्यावर मी सासूबाईंच्या बटमोगऱ्याकडे वळले. डिसेंबरअखेर पाणी तोडलं, जानेवारीत छाटला, खत घातलं, उन्हाळ्यात मनसोक्त फुलं घेतली, आणि पाऊस लागल्यावर खालच्या फांद्या वाकवून दाबकलमं केली. मुळं धरलेली रोपं मागेल त्याला देते. एक माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे गेलं, डबल जास्वंद आणणाऱ्यांपैकी ती एक. तिला ते आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली आणि माफी मागितली. ती संकोचली, पण रोप घेऊन गेली.

माझं सगळंच मत बदललेलं नाही. बागेत नुसती डबल फुलं लावली तर मधमाश्या उपाशी राहतात, हे मी आजही सांगते. एकेरी जास्वंद, तुळस, गोकर्ण हे मोगऱ्याशेजारी हवेतच. मोरवेलीवरचं माझं प्रेमही तसूभर कमी झालेलं नाही.

आणि नातवंडाची इच्छा मनातून गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कुणी आजी नातवाला बोटाला धरून चाललेली दिसली की आत काहीतरी हलतं. आता मी ते लेकीला सांगते. ती ऐकून घेते, कधी तिलाही भरून येतं, आणि तिचा निर्णय जिथे होता तिथेच असतो. मी दाबून ठेवलं होतं तेव्हा तेच फुलांच्या निमित्तानं बाहेर पडत होतं, आणि तिला ओरबाडत होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ती सोलापूरला यायचं म्हणते. मी तिला कळवलं आहे की रजा जूनअखेरपर्यंत वाढवून घे. फुलं मेमध्ये मिळतील, पण दाबकलम पाऊस लागल्यावरच करायचं असतं, आणि मला ते तिला आमच्या मोगऱ्यावर शिकवायचं आहे.